जॉर्ज टाउनच्या हवेतली विषे

जॉर्ज टाउनवर पसरलेला विषारी सेंद्रिय धुराचा जो मोठा लोट नेमक्या तारखेनिशी सांगता येतो, तो २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीचा. पहिले महायुद्ध पेटून दोन महिनेही झाले नव्हते. कप्तान कार्ल फॉन म्युलरची जर्मन युद्धनौका एम्डेन रात्री साडेनऊच्या सुमारास मद्रासच्या बंदरासमोर आली आणि तिने किनाऱ्यावरच्या बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या. सुमारे १३० गोळे सुटले. टाक्या फुटल्या, पेटल्या आणि साडेतीन लाख गॅलनच्या घरात तेल जळून गेले. एक गोळा उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीपाशी पडला. ती जागा दाखवणारा फलक आजही तिथे आहे. पुढच्या काही दिवसांत हजारो लोकांनी शहर सोडले. या रात्रीवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते सगळे युद्धाच्या अंगाने. तेल जळताना हवेत काय मिसळले आणि त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. आज तो विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शोधताना जॉर्ज टाउनच्या हवेचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो.

तेल उघड्यावर जळते तेव्हा ज्वाळेच्या कडेला ऑक्सिजन पुरतो, गाभ्यात पुरत नाही. गाभ्यातल्या उष्णतेने तेलाचे लांब रेणू तुटतात, त्यांचे ॲसिटिलीनसारखे लहान तुकडे होतात आणि हे तुकडे पुन्हा जुळून वलये तयार होतात. सहा कार्बनचे एक वलय म्हणजे बेंझिन. दोन वलये जोडली की नॅफ्थलीन, चार जोडली की पायरिन, पाच जोडली की बेन्झो-ए-पायरिन. अशा अनेक वलयांच्या संयुगांचे कूळ पीएएच या नावाने ओळखले जाते. त्यांच्या घातकतेचा पहिला पुरावा लंडनमधला. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे विशिष्ट कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये नोंदवले. काजळीतला नेमका कोणता पदार्थ कर्करोग घडवतो हे कळायला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला. बेन्झो-ए-पायरिन डांबरातून वेगळे केले गेले ते १९३३ मध्ये. म्हणजे मद्रासच्या टाक्या जळाल्या तेव्हा या विषाचा कोणाला पत्ताच नव्हता.

हवेत गेल्यावर या संयुगांच्या वाटा वेगळ्या होतात. दोन-तीन वलयांची हलकी संयुगे चेन्नईच्या उष्ण हवेत वाफ होऊन राहतात. पाच-सहा वलयांची जड संयुगे काजळीच्या कणांना चिकटतात आणि कण जाईल तिकडे जातात. मधली चार वलयांची संयुगे दोन्हीकडे वाटली जातात. दुपारी ऊन तापले की वाफेकडचा वाटा वाढतो, पहाटे गारव्याला कणांकडचा. वाफेतल्या रेणूंचा मुख्य वैरी म्हणजे हायड्रॉक्सिल. ओझोन, सूर्यप्रकाश आणि बाष्प यांतून तयार होणारा हा मूलक क्षणभरही टिकत नाही, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. खालच्या वातावरणाची सफाई बऱ्याच अंशी त्याच्याच जोरावर चालते, हे हायरम लेव्ही या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले. ब्यूटाडाइन त्याच्यापुढे भर दुपारी काही तासच टिकते, नॅफ्थलीनही जवळपास तसेच, टोल्यूइन दोनेक दिवस, आणि बेंझिन मात्र आठवडा-दीड आठवडा. एम्डेनच्या रात्री ऊन नव्हते, त्यामुळे हायड्रॉक्सिलही जवळजवळ नव्हते. त्या वेळी सुटलेल्या वाफेचा बराचसा भाग दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत तसाच राहिला असणार.

रात्रीचा धूर तसाच राहून पुढे कुठे जातो, हे कळायला जॉर्ज टाउनची जागा पाहावी लागते. फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेला, बंदराला लागून ही वस्ती आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत तिचे नाव ब्लॅक टाउन. फ्रेंचांच्या १७५८-५९ च्या वेढ्यानंतर किल्ल्याला खेटून असलेली जुनी वस्ती पाडून तिथे मोकळे मैदान केले गेले, आणि व्यापारी उत्तरेकडच्या मुत्तियालपेट आणि पेद्दनायकनपेट या भागांत वाढत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजाच्या नावावरून तिचे जॉर्ज टाउन झाले. मिंट स्ट्रीट, गोडाऊन स्ट्रीट, साहुकारपेट, एनएससी बोस रोड: एकेका मालाची एकेक गल्ली, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. अशा गल्लीवरून वारा छपरांच्या उंचीवर निघून जातो. खाली हवा स्वतःभोवती फिरत राहते आणि धूर तिथेच घुटमळतो.

त्यात समुद्र हाकेच्या अंतरावर. रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि मतलई वारे शहराचा धूर पाण्यावर घेऊन जातात. दिवसा जमीन तापली की खारे वारे आत शिरतात आणि पाण्यावर जमलेली तीच हवा परत आणतात. खाऱ्या वाऱ्याची ओळख गारवा देणारा वारा अशी आहे, आणि उन्हाळ्यात चेन्नईचा माणूस दुपारी त्याची वाट पाहतो. पण कोवळ्या उन्हात समुद्रावर काही तास काढून परतलेली ही हवा मूळची राहिलेली नसते. तिच्यातल्या काही रेणूंचे फॉर्माल्डिहाइड झालेले असते, काहींचे क्विनोन, काहींचे ओझोन वाढवणारे पदार्थ. शिवाय समुद्राची गार हवा तापलेल्या जमिनीवर आली की किनाऱ्यालगत मिसळणाऱ्या हवेचा थर उथळ राहतो, आणि रस्त्यावरून नव्याने निघालेला धूर त्या थरातच कोंडला जातो. जॉर्ज टाउनच्या प्रदूषणाबद्दल काहीही बोलायचे तर या येरझाऱ्या आधी लक्षात घ्याव्या लागतात.

रस्त्यावरच्या धुराची कथा ट्रामपासून सुरू होते, आणि ती सुरुवात चांगली होती. ७ मे १८९५ रोजी मद्रासमध्ये विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली. भारतातली ती पहिली. तिच्या मार्गावर धूर नव्हता. शहराला लागणारी वीज कोळसा जाळून बनत होती हे खरे, आणि पुढे बेसिन ब्रिजचे वीजघर जॉर्ज टाउनच्या अंगालाच उभे राहिले. तरी माणसांच्या नाकाशी, गल्लीच्या तळाशी विष सोडणारे वाहन ते नव्हते. कंपनी तोट्यात गेली आणि एप्रिल १९५३ मध्ये ट्राम कायमची थांबली. तिची जागा बसने घेतली. ब्रॉडवेचे बसस्थानक वाढत गेले, बाहेरगावच्या गाड्याही तिथूनच सुटू लागल्या, आणि पॅरीज कॉर्नरचा परिसर दिवसभर डिझेलच्या धुरात राहू लागला. २००२ मध्ये कोयंबेडूचे नवे स्थानक उघडल्यावर बाहेरगावच्या गाड्या हलल्या. मधली पन्नास वर्षे या भागातल्या हमालांनी, दुकानदारांनी आणि वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांनी जी हवा घेतली, तिची मोजदाद कुठेच नाही. ट्राम बंद करण्याच्या हिशेबात हवेचा रकाना नव्हता, आणि ती चूक फार महागात पडली.

डिझेलच्या धुराचे खरे स्वरूप कॅलिफोर्नियात उलगडले. जेम्स पिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, की बेन्झो-ए-पायरिन शहरी हवेत सापडते तेवढ्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या आणि ओझोनच्या सान्निध्यात ठेवले तर त्यातून जनुकांमध्ये थेट बदल घडवणारे नवे पदार्थ तयार होतात. मूळ बेन्झो-ए-पायरिनला शरीरातल्या विकरांनी आधी बदलावे लागते, तेव्हा ते घातक होते. हवेत बदललेल्या रूपाला तेवढीही वाट पाहावी लागत नाही. पुढे आणखी बारकावे कळले. पायरिनला नायट्रो गट पहिल्या जागी लागला असेल तर तो बहुधा इंजिनातच लागलेला असतो. दुसऱ्या जागी लागला असेल तर ते काम उघड्या हवेत हायड्रॉक्सिलने सुरू केलेले असते. एकाच रेणूवरच्या गटाची जागा पाहून विष गाडीत जन्मले की आकाशात, हे सांगता येते. वातावरण रसायनशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत दिलेल्या सुंदर पुराव्यांपैकी हा एक आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला.

पेट्रोलची गोष्ट थोडक्यात सांगता येते. एप्रिल १९९५ पासून चेन्नईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० पर्यंत शिसे देशभरातून गेले. शिसे काढल्यावर इंजिनाची ठोकर टाळण्यासाठी बेंझिनच्या कुळातल्या संयुगांचा आधार घेण्याकडे शुद्धीकरण कारखान्यांचा कल असतो, त्यामुळे एक विष जाताना दुसरे वाढण्याचा धोका होता. तो ओळखून बेंझिनचे प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणले गेले. २००५ मध्ये महानगरांत भारत स्टेज तीनचे इंधन आले तेव्हा मर्यादा एक टक्का झाली. बेंझिन दीड आठवडा टिकत असल्याने ते गल्लीपुरते राहत नाही, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते. म्हणून इंधनातूनच ते काढणे हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय होता.

धूर नसलेले विषही याच हवेत होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीची फवारणी घरोघर पोचली. हे डीडीटी पुढे सरकारी कारखान्यांत बनू लागले. त्यांतला एक रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत होता. शेतीत बीएचसी म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन अमाप वापरले गेले. या क्लोरीनयुक्त रेणूंवर हायड्रॉक्सिलचा मारा मंदपणे चालतो, पाणी त्यांना विरघळवत नाही, जंतू त्यांना सहज खात नाहीत. मग ते जातात कुठे? याचे उत्तर तमिळनाडूतूनच मिळाले. चेन्नईच्या दक्षिणेला परंगीपेट्टै येथे अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. तिथल्या आणि जपानच्या एहिमे विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेल्लार नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीतून बीएचसीचा माग काढला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा होता: नदीने खाडीत नेलेला वाटा सुमारे ०.४ टक्के, आणि हवेत गेलेला ९९.६ टक्के. भाताला मारलेले औषध मातीत राहते हा समज या एका आकड्याने मोडीत काढला. उष्ण प्रदेशातली ओली, तापलेली जमीन ही या विषांना आकाशात सोडणारी जागा ठरली. तिथून ती वाऱ्याने थंड प्रदेशाकडे सरकतात, गारव्याला खाली बसतात, ऊन लागले की पुन्हा उठतात. असे टप्पे घेत ती ध्रुवाजवळच्या सीलच्या चरबीपर्यंत पोचली आहेत.

बीएचसीवर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. शेतीतले डीडीटी १९८९ मध्येच थांबले होते, हिवतापासाठीचे चालू राहिले. शहरांतल्या हिवताप मोहिमेचा भर मात्र घरोघरच्या डीडीटीपेक्षा विहिरी आणि टाक्यांतल्या अळ्या मारण्यावर होता; मद्रासचा हिवताप पसरवणारा डास या स्वच्छ पाण्यातच वाढतो. तेव्हा शहराच्या हवेत सापडणारे डीडीटी किती आपले आणि किती वाऱ्याने आणलेले, हा प्रश्न उरत होता.

त्याचे उत्तर शोधायला जे साधन आले, ते दिसायला अगदी साधे आहे. स्टीलची दोन वाडगी तोंडाला तोंड लावून टांगलेली, मध्ये थोडी फट, आणि आत पॉलियुरेथेन फोमची एक चकती. वीज नाही, पंप नाही. हवा फटीतून आत शिरते, तिच्यातले रेणू फोमला चिकटतात, पाऊस आणि ऊन बाहेरच राहते. काही आठवड्यांनी चकती उतरवून द्रावकात धुतात आणि त्या अर्कातला एकेक रेणू वजनावरून ओळखतात. चेन्नईसह भारताच्या किनारपट्टीवर अशा चकत्या टांगून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चीन, भारत, जपान आणि इंग्लंडमधले संशोधक एकत्र होते. त्यांच्यातल्या परोमिता चक्रवर्ती यांनी पुढे चेन्नईजवळच्या एसआरएम विद्यापीठातून हे काम चालू ठेवले. २००६ च्या अखेरीपासून २००७ च्या आरंभापर्यंत चेन्नई, मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, आग्रा आणि गोवा येथल्या हवेचे नमुनेही तपासले गेले. अशा नमुन्यात डीडीटी आणि त्याच्यापासून बनणारे डीडीई यांचे प्रमाण महत्त्वाचे असते. डीडीटी जास्त तर वापर ताजा, डीडीई जास्त तर माल जुना, मातीतून पुन्हा वर आलेला. बीएचसीच्या आल्फा आणि गॅमा रूपांच्या प्रमाणातूनही असाच निवाडा होतो. पीसीबी या औद्योगिक तेलांनी संशोधकांना अधिक चकित केले. त्यांचे कारखाने भारतात कधी उभे राहिले नाहीत, तरी भारतीय शहरांच्या हवेत ती भरपूर सापडली, आणि चेन्नईत विशेष. जुने ट्रान्सफॉर्मर, परदेशातून येणारा विजेच्या उपकरणांचा भंगार माल आणि उघड्यावर जळणारा कचरा हे त्यांचे उगम मानले जातात. पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवण्याचा आदेश केंद्राने २०१६ मध्ये काढला.

दरम्यान जॉर्ज टाउनमध्ये वेगळ्याच प्रदूषणावरून लढा चालला होता. बंदरात उतरणाऱ्या कोळशाची आणि लोहखनिजाची धूळ राजाजी सालैवरच्या इमारतींवर, खिडक्यांच्या कडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होती. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०११ पासून हा माल चेन्नई बंदरात हाताळणे थांबवून तो उत्तरेच्या एन्नोर बंदराकडे वळवला गेला. काळी धूळ दिसत होती, हाताला लागत होती. न्यायालयापुढे ती मांडता आली. रसायनाच्या दृष्टीने पाहता न जळलेल्या कोळशाच्या भुकटीतले पीएएच दगडात अडकलेले असते आणि सहज सुटत नाही, तर गल्लीतल्या इंजिनाच्या काजळीवरचे पृष्ठभागावर असते आणि लगेच फुफ्फुसात उतरते. धूळ हटली हे जॉर्ज टाउनसाठी फार मोठे काम झाले. पण अधिक विषारी असलेला पदार्थ डोळ्यांना न दिसणारा होता, आणि त्याच्यासाठी असा खटला उभा राहिला नाही.

वर्षातून एका पहाटे मात्र तो सगळ्यांना दिसतो. महाराष्ट्रात भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. चेन्नईत पोंगलच्या आदल्या दिवशीची भोगी म्हणजे अंधारातच दारापुढे पेटवलेला जुन्या वस्तूंचा जाळ. चटया, झाडू, ताडाची पाने यांच्या जागी टायर, प्लॅस्टिक आणि कृत्रिम धाग्याचे कपडे आले तसा तो धूर बदलला. जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही. २०१८ च्या भोगीला धूर आणि धुके मिसळून चेन्नईच्या विमानतळावरची उड्डाणे विस्कळीत झाली. तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ दर भोगीला हवा मोजते आणि टायर न जाळण्याचे आवाहन करते.

टायर आणि प्लॅस्टिक धुमसते तेव्हा पीएएचखेरीज डायऑक्सिनही तयार होते. त्याला भडका लागत नाही, उलट मंद आच लागते: २०० ते ४५० अंश सेल्सिअस, पीव्हीसीमधले क्लोरीन, आणि उत्प्रेरक म्हणून तारांतले तांबे. कचराडेपोत आतून पेटलेल्या ढिगात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. चेन्नईच्या दक्षिणेकडच्या पेरुंगुडी डेपोच्या मातीत डायऑक्सिन असल्याचे एहिमे विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी त्या परिसरातल्या मातांच्या दुधातही ते सापडल्याचे प्रसिद्ध झाले. जॉर्ज टाउनचा कचरा जातो तो उत्तरेच्या कोडुंगैयूर डेपोत. तिथेही आगी लागत आल्या आहेत, आणि वारा वायव्येचा असला की धूर परत जॉर्ज टाउनकडेच येतो. कमी क्लोरीनचे डायऑक्सिन वाफेत राहून काही दिवसांत हायड्रॉक्सिलला बळी पडते. जास्त क्लोरीनचे कणांवर बसते, ईशान्य मोसमी पावसाने धुऊन निघते आणि बकिंगहॅम कालव्याच्या गाळात जाते, तिथे ते दशके राहू शकते.

कायद्यात या संयुगांना जागा उशिरा मिळाली. हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९८१ चा. राष्ट्रीय हवा मानकांत बेंझिन आणि बेन्झो-ए-पायरिन आले ते १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने. वार्षिक सरासरी अनुक्रमे ५ मायक्रोग्रॅम आणि १ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. त्यांच्यापासून हवेत बनणाऱ्या नायट्रो संयुगांना आणि क्विनोनना मानक नाही. हा फरक किती महत्त्वाचा, याचा अंदाज मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या २०२१ मधल्या अभ्यासाने दिला. जगभरात पीएएचमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या धोक्यात बेन्झो-ए-पायरिनचा स्वतःचा वाटा सुमारे ११ टक्के, आणि हवेत विघटन होऊन तयार झालेल्या पदार्थांचा १७ टक्के. चेन्नईसारख्या उष्ण, दमट हवेत कणांवरचे सेंद्रिय आवरण मऊ राहते, ओझोन आत पोचतो आणि बेन्झो-ए-पायरिन लवकर मोडते. त्यामुळे इथे मोजलेला आकडा कमी येईल, आणि मोडून जे झाले ते मोजणीच्या बाहेर राहील.

कोडुंगैयूरचा जुना ढीग उपसण्याचे काम आता हाती घेतले आहे आणि तिथे कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प महापालिकेने मांडला आहे. उत्तर चेन्नईतल्या रहिवाशांनी त्याला विरोध केला आहे. अशा भट्टीत वायू किमान ८५० अंशांवर दोन सेकंद ठेवावा लागतो आणि नंतर ४५० ते २०० अंशांचा पट्टा झपाट्याने ओलांडून थंड करावा लागतो, नाही तर नष्ट झालेले डायऑक्सिन धुराड्यात पुन्हा जुळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्याची मर्यादा प्रति घनमीटर ०.१ नॅनोग्रॅम विषतुल्य इतकी ठेवली. हा नमुना धुराड्यात काही तास वायू ओढून घ्यावा लागतो आणि मोजक्याच प्रयोगशाळांत तपासता येतो. भट्टी मात्र रात्रंदिवस चालते.